भिंतीवरचा नमस्कार

वाटूरच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर होतो, बाविशीतला. वर्गात कलेच्या इतिहासावर असा बोलायचो, जणू अजिंठ्याचे रंग मीच कालवून दिले होते! वेरूळचे हात जोडलेले भक्त, जुन्या दरबारी चित्रांतले कमरेत वाकलेले सरदार. माणूस कुणापुढे कसा झुकतो, हे मला सगळं पाठ. त्यामुळे गावातल्या बौद्ध मंडळींनी बुद्धपौर्णिमेसाठी विहाराच्या भिंतीवर चित्र मागितलं, तेव्हा कुणाला काही विचारावं असं मला वाटलंही नाही.

आदल्या दिवशी दुपारी चित्र झालं. मधोमध बुद्ध, समोर पाच उपासक. मी कौतुकाची वाट पाहत हात पुसत उभा राहिलो. विहारात वंदना सांगणाऱ्या मावशी शेतातून तशाच आल्या, डोक्यावरचा भारा उतरवला आणि भिंतीला नाक लावून पाहू लागल्या.

“मास्तर, हे पाच जन कशानं पडले? ऊन लागलं का काय?”

“नमस्कार करतायत, मावशी. साष्टांग.”

आमच्या घरी देवापुढे माणसं अशीच लांबलचक पडत. दुसरा नमस्कार मला सुचलाच नव्हता.

“आमी न्हाई आडवं पडत.”

“चित्रच आहे हो. काय बिघडतं?”

मावशी हसल्या नाहीत. “माहा सासरा पाटलाच्या दारात असा पडायचा, ऊठ म्हनेस्तोर. धम्म घेतला, तवा ते सुटलं. लेकरं ही भिंत पाहून शिकतीन, मास्तर. तुमी आडवं काडलं, मंग ते बी आडवंच पडतीन.”

एवढं बोलून त्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या. दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ टेकलं. पंचांग प्रणाम. तसंच वाकून म्हणाल्या, “काडा जल्दी! गुडघे माहे हायेत, भिंतीचे न्हाईत.”

मी धावत कागद आणला. आयुष्यात इतकं भराभर रेखाटन पुन्हा केलं नाही. ही बाई वाकली होती, पण पडलेली नव्हती. टाचांवर तोललेली, कुठल्याही क्षणी आपली आपण उठेल अशी. अजिंठ्याला मी दोनदा गेलो होतो. तिथं गुडघे टेकलेली कितीतरी माणसं होती. मी फक्त रंग पाहून आलो होतो.

चुना देऊन भिंत सकाळपर्यंत वाळली नसती. मग डोकी आणि हात ठेवले, गुडघे पोटाशी ओढले आणि उरलेल्या दहा तंगड्यांची पाच लांबट तळी केली. वर कमळं! “इतकं पानी कशाला?” असं दोघातिघांनी विचारलंच. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “शैली आहे.”

पौर्णिमेला सकाळी वंदना सुरू झाली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी थेट पोटावर पसरली. मान उचलून तिनं भिंत पाहिली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच गुडघे आत ओढले.

मावशींनी वंदना न थांबवता माझ्याकडे बघून मान हलवली.