वहिनींचं नाक

आमच्या वहिनी कुठल्याही गोष्टीचा आधी वास घेतात, मग तिच्यावर विश्वास ठेवतात. लग्न होऊन घरात आल्या आणि थोड्याच दिवसांत माझ्या चपलांच्या दुकानात डोकावल्या. फळीवरचा सगळ्यात महाग बूट उचलून नाकाशी नेला आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या, "भाऊजी, हे चामडं नाही हो." गिऱ्हाईक गेलं. मी रागाने बोलणं टाकलं, पण बूट मुकाट्याने व्यापाऱ्याला परत केले, कारण वहिनींचं खरं होतं.

वहिनी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होत्या. रुग्णाचं रक्त किंवा थुंकी काचेच्या चपट्या बशीत पसरायची, जंतू वाढू द्यायचे आणि ते कुठले हे ओळखायचं, हे त्यांचं काम. तिथल्या जुन्या मंडळींना एक खोड होती. बशीचं झाकण किलकिलं करायचं आणि हळूच हुंगायचं. एका जंतूला म्हणे चक्क द्राक्षांचा वास येतो. 'वास घेऊ नये' अशी पाटी भिंतीवर होती. ती सगळ्यांना पाठ होती आणि पाळत कुणीच नव्हतं.

मग वहिनींचे वडील आजारी पडले. ते माळी. बागेत गवत कापताना मेलेला ससा यंत्राखाली आला आणि उडालेल्या कणांबरोबर सशाच्या तापाचा जंतू छातीत गेला. डॉक्टर या दुखण्याला टुलारेमिया म्हणतात. हा जंतू फार सावकाश वाढतो, शिवाय त्याचे खाण्याचे चोचलेही भारी. त्यांच्या गावच्या इस्पितळात बशीवर काही उगवलं नाही म्हणून बशी फेकून दिली. खरं दुखणं कळेपर्यंत म्हातारा मरणाच्या दारात पोचला होता. औषधाने वाचला. पण त्यानंतर त्यांनी यंत्राला हात लावला नाही. खिडकीशी बसून राहायचे. त्यांना भेटून आल्या की वहिनी म्हणायच्या, "बाबांच्या सदऱ्याला गवताचा वास येत नाही आता."

याच जंतूवर संशोधन करायचं, असं वहिनींनी मनात घेतलं आणि तशा प्रयोगशाळेत जागाही मिळवली. तिथे नव्या माणसाला आधी साध्या, निरुपद्रवी जंतूंवर हात बसवावा लागतो. एका सकाळी वहिनींनी बशी उघडली आणि त्यांची मान आपोआप खाली वाकली.

मुख्य संशोधक बाई मागेच उभ्या होत्या. "हा जंतू साधा होता म्हणून निभावलं," त्या म्हणाल्या. "खऱ्याचे मोजके कण श्वासात गेले तरी माणूस आडवा होतो. महिनाअखेर पुन्हा बघेन. मान वाकली, तर तुम्ही तुमच्या इस्पितळातच बऱ्या."

वहिनी घरी आल्या त्या रडवेल्या होऊनच.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," मी म्हणालो.

"इथे मेल्यावर जाऊन उपयोग नाही, भाऊजी. तुम्ही लक्ष ठेवा माझ्यावर."

झालं, मला आयती फौजदारी मिळाली. दूध, टॉवेल, औषधाची बाटली, काहीही नाकाकडे निघालं की मी ओरडायचो, "मान!" बुटांचं उट्टं काढलं म्हणा ना. नासकं दूध कुणाला कळेना, आम्ही फुटलेला चहा प्यायलो. दादा म्हणाला, "हिची नोकरी पक्की होईपर्यंत आपण जगलो म्हणजे मिळवली." पण एकदा वहिनींनी साबणाची नवी वडी उचलली, अर्ध्यावर हात थांबवला आणि वडी तशीच ठेवून दिली. तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांच्या बाबांचं गवत सुटलं होतं, तसंच हे.

महिनाअखेर बाईंनी समोर बशी ठेवली. वहिनींनी ताठ मानेने सगळं काम केलं, झाकण लावलं. बाई सहज गप्पा माराव्यात तशा म्हणाल्या, "काय हो, याला गोडसर वास येतो ना?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

वासाच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणीही ऐकलं नव्हतं. बाई हसल्या. "सोमवारपासून आत या."

आत म्हणजे दुहेरी दारांच्या खोलीत, मुखवटा चढवून, दोन-दोन हातमोजे घालून. आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशी जंतूंना गिळून मारतात. हा बिलंदर मात्र स्वतःला गिळू देतो आणि पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. त्याची ही कला काढून घेतली तर त्यापासून लस करता येईल का, हे वहिनींची मंडळी शोधत होती. असा दुबळा केलेला एक जंतू परवा पहारेकऱ्यांनी खरोखरच पचवला. लस अजून लांब आहे, पण वहिनींनी ही बातमी आधी बाबांना फोनवर सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू रोज त्याच्याजवळ बसतेस? भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर मुखवटा लावते."

रविवारी मी वहिनींना बाबांकडे घेऊन गेलो. बाबा दारातच उभे होते. वहिनी जवळ गेल्या आणि त्यांची मान वाकली, थेट बाबांच्या सदऱ्यावर. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाबा," वहिनी डोकं न उचलता म्हणाल्या, "आज गवत कापलंत?"

"आधी सगळीकडे फिरून बघितलं," म्हातारा चोरी पकडली गेल्यासारखा म्हणाला. "आणि मुखवटा लावला होता गं."

वहिनींनी मान वर केली नाही. पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.