तिसऱ्या टॉयलेटमधलं पिस्तूल

व्हर्लीन माहाचेक आमच्या कॉलेजात बावीस वर्षं झाडलोट करत होती. ग्रंथालयाची इमारत तिच्याकडे आणि ग्रंथालय माझ्याकडे, त्यामुळे सकाळची पहिली कॉफी आम्ही दोघी एकत्रच घ्यायचो. तिला प्रश्न विचारायची भारी खोड. झेरॉक्सच्या माणसाला मशीनच्या पोटात काय असतं ते विचारायची, भूगोलाच्या सरांना नकाशावर समुद्र निळाच का ते विचारायची. पोरं तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

परवाना असलेल्या विद्यार्थ्यांना अंगावर झाकून पिस्तूल आणायची मुभा टेक्सासमधल्या विद्यापीठांत आधीच होती. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांत ती आली त्या वर्षीची ही गोष्ट. परवान्याला वय एकवीस पूर्ण हवं. मी विरोधाच्या अर्जावर सही केली होती. व्हर्लीनने ना विरोधाच्या अर्जावर केली, ना पाठिंब्याच्या. म्हणाली, “आधी कळू तर दे.”

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, आठच्या तासाआधी, ती बायकांचं टॉयलेट धुवायला गेली. तिसऱ्या दारामागे, कागदाच्या रिळाच्या डब्यावर, एक लहानसं काळं पिस्तूल होतं. कातडी म्यानासकट, चष्मा काढून ठेवावा तसं ठेवलेलं.

तिने हात लावला नाही. बाहेर येऊन ‘फरशी ओली आहे’चा पिवळा फलक दारात आडवा लावला आणि बादली उलटी करून त्यावर बसली. मी तिथून चालले होते, तर मला म्हणाली, “नॅडीन, ड्वेनला फोन लाव. आणि आत जाऊ नकोस.” ड्वेन पेटवे म्हणजे कॉलेजचा पोलीस.

ड्वेन यायच्या आत एक बाई धावत आली. पन्नाशीला टेकलेली, नर्सिंगच्या निळ्या कपड्यांत, चेहरा पांढराफटक. रोसाल्बा त्रेविन्यो. मुलं मोठी झाल्यावर शिकायला आलेली, शेवटचं वर्ष चालू असलेली.

“मिस व्हर्लीन, माझं एक सामान आत राहिलंय.”

“ठाऊक आहे. बघितलं मी.”

“मग जाऊ द्या ना मला! कुणाला कळायचंही नाही. सात महिने राहिलेत हो माझे.”

“पोरी, मला कळलंय ना. मी काय कुणीच नाही?”

रोसाल्बा भिंतीला टेकून रडायला लागली. व्हर्लीनने तिला खिशातला रुमाल दिला, पण बादलीवरून उठली नाही. “ड्वेन येतोय. तू स्वतः सांग त्याला. मी शेजारी उभी राहते.” आणि मग न राहवून विचारलंच, “पण विसरलीस कशी गं?”

“कमरेला लावलेलं असतं. बसायचं म्हटलं की काढावं लागतं. ठेवायचं कुठं? खाली फरशीवर?” ती नाक पुसत म्हणाली. “आठला परीक्षा आहे. डोक्यात औषधांची नावं होती सगळी.”

रोसाल्बाला लेखी ताकीद मिळाली, आणि महिनाभर पिस्तूल कॉलेजात आणायचं नाही असा हुकूम. नाव कटलं नाही. दुसरी कुणी असती तर तिथेच विषय संपवला असता. व्हर्लीनने शुक्रवारी रोसाल्बाला गाठलं. “आज मला तुझ्याबरोबर तुझ्या घरी ने. तुला ते का लागतं, मला बघायचंय.”

सोमवारी कॉफी घेताना तिने मला सगळं सांगितलं. रोसाल्बाच्या वाटेवर कापसाची जिनिंग गिरणी मागे पडली की अकरा घरं, आणि मग तिच्या घरापर्यंत सव्वीस मैल एकही नाही. वाटेत फोनला रेंज नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी एक पिकअप गाडी दिवे बंद करून रोसाल्बाच्या मागे फाटकापर्यंत आली होती. तिने घरात शिरून फोन केला, तर शेरीफचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांचा, माणूस पोचायला पन्नास मिनिटं लागली.

“मी विचारलं, कधी चालवलंस का?” व्हर्लीन म्हणाली. “तर म्हणते, एकदा. रानडुकरावर. गोळी लागली तिच्याच गाडीच्या टायरला!”

आम्ही दोघी हसलो. मग व्हर्लीनने कप खाली ठेवला. “मी म्हटलं, अगं, मग भरल्या वर्गात काढावं लागलं तर? ती म्हणाली, वर्गात मला नकोच आहे ते. रस्त्यावर हवंय. पण गाडीत ठेवलं तर काच फोडून नेतात. मागच्या वर्षी आपल्याच पार्किंगमधून तीन पिस्तुलं गेली. आता याला मी काय उत्तर देऊ?”

अर्जावर सही करताना मी पार्किंगचा विचार केला नव्हता.

नंतर व्हर्लीनने जे केलं त्याने मी चाटच पडले. त्रेसष्टाव्या वर्षी तिने परवान्याच्या वर्गात नाव घातलं. लहानपणी बापाच्या बंदुकीने साप मारलेले, त्यामुळे नेमबाजीत ती वर्गात पहिली आली. “पास व्हायला फारसं काही लागतच नाही,” ती मला म्हणाली, आणि तिला ते आवडलेलं दिसलं नाही.

जानेवारीत कॉलेजने नियमांवर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. प्राध्यापक बोलले, पोरं बोलली, दोन्हीकडून टाळ्या पडल्या. मग व्हर्लीन कामाच्या कपड्यांतच उठली.

“त्या दिवशी पिस्तूल राहिलं, त्या टॉयलेटात नंतर पहिली मी गेले,” ती म्हणाली. “आपल्या पाळणाघरातली पोरंही तेच टॉयलेट वापरतात. साडेआठला येतात. मला दुसरं काही सांगायचं नाही. पोलीस चौकीत कुलपाची कपाटं करा. येताना ठेवावं, जाताना न्यावं. कोण ठेवतं, का ठेवतं, कुणी विचारू नये.”

अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही या मुभेच्या विरोधात आहात?”

“साहेब, मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलंय का?”

सभागृहात हसू उसळलं. अध्यक्षही हसले आणि त्यांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

मार्चमध्ये चौकीत बारा लोखंडी कप्पे बसले. पहिल्या आठवड्यात फक्त रोसाल्बाच वापरत होती, ड्वेन तिची थट्टा करायचा. मे महिन्यापर्यंत सात भरलेले असत. उरलेले लोक आणतच नव्हते, की कमरेलाच ठेवत होते, हे ड्वेनला सांगता येत नव्हतं, मलाही नाही. रोसाल्बा पास झाली आणि जिल्ह्याच्या इस्पितळात लागली.

व्हर्लीन पुढच्या वर्षी निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तिने सगळ्यांसाठी खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, भाजून आणले होते. ते खाता खाता मी तिला हळूच विचारलं, “परवाना तर काढलास. कधी बाळगतेस का?”

“नॅडीन, लपवून ठेवायचं, असाच कायदा आहे ना?” ती म्हणाली आणि खदखदून हसली. मी तिच्या सैल, फुलाफुलांच्या झग्याकडे नीट बघितलं. काहीच कळलं नाही.