एक वीटही न हलवता

न्हावऱ्याच्या साळूबाईंनी देवाकडं कधी फारसं काही मागितलं नाही आणि नवऱ्याकडं मागायची तर सोयच नव्हती. गुडघ्यांनी पार दगा दिल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली: उभ्यानं स्वयंपाक करायला एक ओटा.

"करू की!" पोपटराव म्हणाले. दूधसंस्थेचं अध्यक्षपद भोगलेला माणूस. 'करू की' म्हणायला त्यांना काही लागत नसे. पण तेवढ्यात कारेगावच्या कंपनीतला त्यांचा मुलगा पप्पू जुन्या वाड्यातल्या कुठल्याशा हॉटेलात चुलीवरचं मटण खाऊन आला आणि पुण्याचा एक आर्किटेक्ट घरी घेऊन आला. त्या पाहुण्यानं धुरानं काळ्या झालेल्या तुळईवरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. "काका, याला हात लावायचा नाही. मूळ रचना जपायची."

झालं! ज्या खोलीत पोपटरावांनी उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तिच्याविषयी त्यांना एकाएकी माया दाटून आली. "आमच्या आईचं सैपाकघर हाय ह्ये," असं ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही सांगू लागले.

शहाबादी फरशी घासली गेली, फडताळाला पॉलिश झालं, कोनाड्यांत पिवळे दिवे लागले. जमिनीवरची चूल लिंपून तिच्या पोटात गॅसची शेगडी बसवली. ओट्याचं नाव काढलं की आर्किटेक्टचा चेहरा सुतकी व्हायचा. "खोलीचा आत्मा जाईल, काकू." काकूंचा जीव जात होता, त्याचं कुणाला काही नव्हतं.

काम उरकल्यावर पोपटरावांनी मिरवायला दोघा थोरल्या भावांना बायकांसह जेवायला बोलावलं. भाऊ जेवता जेवता गहिवरत होते. साळूबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या आणि प्रत्येक वेळी भिंतीला धरून कण्हत उठत होत्या.

"एक वीट हलवली न्हाई बघा!" पोपटराव म्हणाले. "आईच्या वक्ताला जसं व्हतं, आगदी तसंच."

साळूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. त्यांचं डोकं फिरलं होतं.

"तसंच कुठं हाय? तवा हितं चौघीजणी राबायच्या. सासू म्हणून आत्याबाई चुलीपुढं, थोरल्या आक्का जात्यावर, मधल्या पाण्याला, मी भांड्यांना. आत्याबाई गेल्या, तुम्ही भाऊ वायलं झाला. चुलीपुढं तवापासनं मी एकलीच. मूळ रचना पायजे ना? मग तिघी आना."

पोपटरावांनी आशेनं वहिनींकडं पाहिलं.

"माझ्याकडं नगा बघू, भाऊजी," थोरल्या म्हाळसाबाई म्हणाल्या. "माझ्या दौंडच्या घरी ओटा हाय."

मधल्या जाऊबाई पदरात तोंड घालून हसल्या. भावांना एकदम पाणी प्यावंसं वाटलं, पण ते आणून द्यायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. आर्किटेक्टला विचारायचं राहूनच गेलं. ओटा केवढा उंच करायचा म्हणून गवंड्यानं टेप काढला आणि साळूबाईंना म्हणाला, "काकू, जरा नीट हुभं ऱ्हावा."

"माझं माप कशाला?" बाजेवर पाय पसरत साळूबाई म्हणाल्या. "माझा वाटा कवाच फिटला. ऱ्हायलेल्या तिघींचं काम आता ह्ये करत्याल. ह्यांचं माप घ्या."

पोपटराव काहीतरी बोलणार होते. पण गवंड्यानं त्यांच्या कमरेला टेप लावला आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली.