पडद्याकडे पाठ

आबांनी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, असं आबाच सांगत. आजी म्हणायची, "घालणार कशी? मांडीवर ते पिंप असतं ना." पिंप म्हणजे ट्यूबा. वाद्यवृंदातलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, आणि त्याचा आवाजही थेट पोटातून आल्यासारखा. छत्तीस वर्षं आबा ते फुंकत होते. व्हायोलिनवाल्यांच्या वाट्याला टाळ्या येत, आबांच्या वाट्याला पाठदुखी. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, फक्त रोज जेवताना एकदा ते ती बोलून दाखवत.

यंदा वाद्यवृंदाला नवीनच काम मिळालं. मुलांसाठी कार्टूनचा सिनेमा होता, जंगलातल्या प्राण्यांची गोष्ट. सभागृहात मोठ्या पडद्यावर सिनेमा चालायचा आणि पडद्याखाली बसून या मंडळींनी संगीत वाजवायचं. आता पडदा वर आणि मागे, वादकांची तोंडं प्रेक्षकांकडे. म्हणजे सिनेमा सगळ्या गावाला दिसणार, वाजवणाऱ्यांना सोडून. समोर उभे राहून इशारे देणारे मास्तर तेवढे पडदा बघत. आबांच्या कागदावर एवढंच लिहिलेलं होतं: प्रसंग नववा, संथ, खोल, भारदस्त.

भारदस्त हा शब्द वाचला आणि आबांनी ठरवून टाकलं की आपण सिंह आहोत. जंगलात भारदस्त दुसरं असतं कोण? कुणाला विचारून खात्री करावी, तर ज्याला शंका असते तो विचारतो. आबांना शंका नव्हती.

घरी येऊन त्यांनी नातीला सांगितलं. नात दुसरीत, आजी-आबांच्याच खोलीत झोपणारी. तिने दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं की आमचे आबा सिंह आहेत. आबांनी मिशा कोरून घेतल्या.

चार खेळ झाले. दर खेळाला एकच दुखणं. आबांनी नववा प्रसंग सुरू केला, की पोरं खो खो हसत सुटायची. आबा घरी येऊन चडफडत, "मी डरकाळी फोडतो नेमकं तेव्हाच ते माकड मागे काहीतरी चाळे करत असणार. सिनेमा काढणाऱ्यांना काही पोच?" कुठलं माकड, हे आजीने विचारलं नाही. तिने भाकरी वाढली.

पाचव्या खेळाला नातीचा अख्खा वर्ग येणार होता, चाळीस पोरं, सोबत आजी. खेळाआधी आबा मास्तरांकडे गेले. "आज नववा प्रसंग जरा चढवून वाजवतो. डरकाळी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली पाहिजे."

"डरकाळी कसली?"

"सिंहाची."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आबा, सिंह ट्रम्पेटकडे आहे. तुमच्याकडे अस्वल."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. अस्वलही काही लेचंपेचं जनावर नव्हे. "बरं. म्हणजे गुरगुरतं."

"झोपलंय. घोरतं. गुहेतून आवाज येतो, जनावरांना वाटतं राक्षस आला, सगळी जीव मुठीत धरून पळतात. शेवटी कळतं, अस्वल घोरतंय. गोष्टच त्यावर आहे सगळी."

आबा आपल्या खुर्चीकडे वळले. छत्तीस वर्षं आजी सांगत होती की तुम्ही घोरता, आणि छत्तीस वर्षं ते सांगत होते की मी घोरत नाही, खोल श्वास घेतो. पण त्यांना लाज स्वतःची वाटली नाही, काळजी वाटली ती नातीची. उद्या वर्गात पोरं तिला खाऊन टाकतील. सिंह म्हणे सिंह. पोटात दुखतंय म्हणावं, तर बदली ट्यूबावाला नव्हता. शेवटी त्यांनी ठरवलं की इतकं हळू वाजवायचं, की कुणाचं लक्षच जाऊ नये.

नववा प्रसंग आला. आबांनी दोन सूर चोरून वाजवले. सभागृह चिडीचूप. अंधारातून एक पोरगं म्हणालं, "राक्षसाचा आवाज येतच नाहीये." त्या आवाजातली निराशा आबांना सहन झाली नाही. पोरं गोष्ट ऐकायला आली होती आणि गोष्ट आपल्या पोटात अडकली आहे, हे त्यांना कळलं.

आजी रोज चहाबरोबर त्यांच्या घोरण्याचं वर्णन ऐकवायची, ते त्यांना पाठ होतं. आधी चढावर गाडी चढल्यासारखी घरघर. मग एकदम बंद, इतकं की आजी उठून बसायची. आणि मग नाकातून निघालेली बारीक शीळ. आबांनी तस्संच वाजवलं. मधला थांबासुद्धा लांबवला. मास्तरांची छडी हवेतच राहिली. मग शीळ निघाली आणि चाळीस पोरं हसून हसून खुर्च्यांवर लोळायला लागली.

खेळ संपल्यावर नात धावत आली, मागे वर्ग, त्यामागे आजी. आबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "बाळा, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. मी सिंह नव्हतो."

"माहितीये. सिंह तर तुम्हाला घाबरून पळाला."

"पण ते अस्वल मीच, हे तुला कसं कळलं?"

"मी तुमच्याच खोलीत झोपते ना, आबा. शीळ आली तेव्हाच मी सगळ्यांना सांगितलं, हे आमचे आबा."

एक पोरगं पुढे सरकलं. "आजोबा, परत एकदा घोरा ना."

ट्यूबा पेटीत बंद झाला होता. आबांनी एकदा आजीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि उभ्याउभ्या तोंडानेच घोरून दाखवलं, घरघर, थांबा आणि शीळ, काहीही न गाळता.

आजीने त्यांच्या हातात कोट दिला. "आता म्हणा," ती म्हणाली, "खोल श्वास घेतो."