माझ्या नावाचा म्हाळ

भाद्रपदात आमच्याकडे पितरांचा म्हाळ असतो. मी स्वयंपाकघरात वडे तळत असते आणि ओटीवर भटजी माझ्या नावाने पाणी सोडायला सांगतात. मुलगा तीळ-पाणी सोडतो. मी जिवंत आहे, पण त्यात भटजींची चूक नाही. ते पाणी माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोला असतं. तिचं नाव आणि माझं नाव एकच.

ते मुळात माझं नव्हे. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नाव काढलं, तेव्हा ताट पुढे सरकवणाऱ्या बाईने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांची पहिली बायको वर्षभरापूर्वी बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नाही. सासूने मला दुसऱ्या दिवशी चुलीपाशी कारण सांगितलं. "घराच्या तोंडात तेच नाव बसलंय गो. नव्याने कोण शिकणार?" नवीन भांडं आणलं तरी जुन्या भांड्याच्याच जागेवर ठेवतात, तसं. मी चौथी शिकलेली होते. ताटातली अक्षरं मलाही वाचता आली होती.

माझं माहेरचं नाव फार चांगलं होतं असं नाही. आम्ही राजापूरकडचे. मी पाचवी मुलगी. बारशाला आत्याने कानात सांगितलं त्या नावाचा अर्थ एवढाच, की आता पुरे, आणखी मुली नकोत. माझ्यानंतरही एक झालीच. पण ते माझ्यासाठी शोधलेलं होतं. माझ्याआधी त्या नावाने कोणी मेलं नव्हतं.

सासरचं नाव देवीचं आहे. लोक म्हणायचे, किती शोभतं. मी ओ देत गेले. नवरा चांगला होता, हात उगारला नाही कधी. शेवटच्या आजारात ते हाक मारायचे. मी पाण्याचं भांडं घेऊन जायची. ते माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा तीच हाक मारायचे, दाराकडे बघून.

आमच्या कुंपणापलीकडे एक मुसलमान बाई राहते, माझ्याच वयाची. नवरा बोटीवर होता, मुलगे आखातात. गेल्या वर्षी तिच्या पणतीचं नाव ठेवायचं होतं. अर्थ चांगला हवा म्हणून आठ दिवस फोन चालले होते, मौलवींनाही विचारून झालं. मी म्हटलं, "एवढं काय त्यात? लग्नात बदलेलच."

"आमच्यात नाय बदलत," ती म्हणाली. "नवरा बदलला तरी नाय बदलत." आणि हसली. मग म्हणाली, "कयामतीला बापाच्या नावासकट हाक पडते, वयनी. तुला काय म्हणून हाक पडेल गो?"

"मला नाही हाक बिक. मला पिंड."

"मग पिंड कोणाला?"

मी घरात आले. पण ते डोक्यातून जाईना. वर्षभर गेलं नाही.

यंदाच्या म्हाळाला सगळं आटोपल्यावर, कावळ्यासाठी पानावर वाडी ठेवून झाल्यावर, मी ओटीवर आले. भटजी तरुण आहेत, त्यांना अजून दोन घरं करायची होती. मी विचारलं, "मी गेल्यावर मला कोणत्या नावाने बोलवाल?"

"सासरच्या, आजी. या कुळात त्याच नावाने आलात ना."

"त्या नावाची एक आधीच येते. आज आली. मग दुसरी मी, हे कसं कळणार?"

त्यांनी मुलाकडे बघितलं. "भाव महत्त्वाचा असतो," म्हणाले आणि पिशवी उचलली.

मी मुलाला म्हटलं, "माझं माहेरचं नाव घे. तेवढं कर."

"काय होतं?" त्याने विचारलं. साठीला आला, आजवर विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तो हसला. मुद्दाम नाही, आपसूक हसला. "अगो आई, हे असलं नाव चारचौघांत घ्यायचं? मुलगी नको म्हणून ठेवलेलं? त्यापेक्षा आहे ते बरं नाही का? देवीचं आहे."

"देवीचं नाही. तुझ्या बापाच्या बायकोचं आहे."

"तूही त्यांची बायकोच ना?"

याला उत्तर होतं, पण ते मुलाला द्यायचं नसतं. मी म्हटलं, "मग माझा म्हाळ घालूच नको."

सून दारात उभी होती. "आजच्या दिवशी असं बोलू नये, आई." मुलाला हातखंब्याला जाऊन दुकान उघडायचं होतं. त्याने घाईने दोन वडे खाल्ले, काळ्या वाटाण्याचं सांबारं तसंच ठेवलं आणि गाडी काढली.

रात्री जेवताना मला वाटलं, विचारेल. त्याने मीठ मागितलं.

माझा म्हाळ घालायचा नाही, असं सुनेला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बजावलं. ती मान हलवते, पण ती करणार नवऱ्याचंच. करू दे. भटजी हाक मारतील, तेव्हा जिची आहे ती येईल आणि जेवून जाईल. मी तिच्या ताटात जन्मभर जेवले. मेल्यावर बसणार नाही.