जयवंताकाकूंचं नाक

आमच्या घरमालकीण जयवंताकाकू गळ्यात तुळशीची माळ घालतात, चातुर्मासात कांदा-लसूण घरात येऊ देत नाहीत, आणि त्यांच्याच मागच्या खोलीत वीस लिटर बियर आंबत असते. आदिलाबादच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही, कारण काकूंसमोर बोलायची छाती कोणाची नाही.

बियर अर्थात त्यांच्या नवऱ्याची, सुधाकरकाकांची. कॉलेजच्या रसायनशाळेत तीस वर्षं नळ्या-बाटल्या हाताळलेला माणूस, निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. तलमडुगूच्या मेव्हण्याच्या शेतातली ज्वारी आणायची, मोड काढायचे, वाळवून भरडायची, गरम पाण्यात मुरवून गाळायची, ते पाणी उकळायचं आणि निवलं की यीस्ट घालून कॅनमध्ये भरायचं. कॅनच्या तोंडातून सलाइनची नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. आठवडाभर त्या बाटलीत बुडबुडे येत राहतात. ते मंदावले की मध घालायचा, तोही नार्नूरकडच्या जंगलातला.

"मध उकळला का वास उडून जाते," काका मला शंभरदा सांगून चुकलेत. "गोडी यीस्ट खाऊन टाकते. राह्यते तो फुलाचा वास. तोच तर पाह्यजे."

स्वतः पितात रविवारी जेवणाआधी एक पेला. उरलेली मित्रांना, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणून मला. मी नाही म्हणत नाही.

काकूंनी सात-आठ वर्षं नुसतं नाक मुरडलं. मग करोना आला आणि काकांना वास यायचा बंद झाला तो झालाच. जिभेला काही झालं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर आजही वाटी मागे सरकवतात. पण उदबत्ती, फोडणी, मध, सगळं सारखंच. महिनाभर कॅन रिकामा पडला होता. शेवटी काकांनी पुन्हा बियर घातली आणि एके दिवशी ते काकूंसमोर पेला घेऊन उभे राहिले.

"पिऊ नको. नुसता वास घे न वं. मध राह्यला का गेला, तेवढं सांग."

"माळकरी बाईले दारूचा वास घ्याले लावता?" काकू कडाडल्या. पण पदर नाकावरून खाली आला. "पिकल्या केळावानी येऊन राह्यला. दोन दिस थांबा."

शेजारी कोणाचं दूध लागलं ते घरबसल्या सांगणारं ते नाक. तेव्हापासून ते कामालाच लागलं. खरं सांगतो, बियर आधी कधी इतकी चांगली झाली नव्हती. गंमत अशी की तिला बंद पाडायलाही आता काकूंचा एक शब्द पुरेसा होता.

गेल्या श्रावणात तो शब्द आला. काकूंकडे पारायण होतं, सात दिवस गल्लीतल्या बाया येणार होत्या. आदल्या दुपारी काकांनी पेला पुढे केला. मी तिथेच पायरीवर नळी धूत होतो. काकूंनी वास घेतला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "नासलं. फेका."

काकांनी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. काकूंकडे पाहिलं. मग मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी कॅन उचलून लिंबाच्या झाडाखाली ओतला. अंगणभर मधाचा वास सुटला. मला येत होता, काकूंना येत होता, एकट्या काकांना येत नव्हता. मला काकूंचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण मी गप्प बसलो होतो.

पारायण झालं. समाप्तीचा प्रसाद घेऊन बाया गेल्या आणि मी सतरंज्या झटकत होतो, तेव्हा काकू काकांसमोर जाऊन बसल्या.

"मी खोटं बोलली. नासलं नोतं."

"माहीत हाय."

"कसं?"

"नासलं असतं तं आंबट लागलं असतं. नाक गेलं माह्यं, जीभ हाय न."

"मंग फेकलं काऊन?"

"इतक्या वर्षांत तू कधी फेका म्हटलं नाई," काका म्हणाले. "एकदा म्हटलं. त्याले काय कारण इचारू?"

मी सतरंज्या घेऊन वर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला खाली उतरलो, तर काका अजून झोपलेले होते. काकू अंघोळ करून, ओल्या केसांनी, मोठ्या परातीत ज्वारी निवडत होत्या. शेजारी पाण्याचं पातेलं भरून ठेवलं होतं.

"खडे असले का मोड नीट येत नाई," त्या मान वर न करता म्हणाल्या.