खड्यांचा डबा

माझे अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाचे तर विचारूच नका. शाळा चौथीतच सुटली. पण सुमनताईंबद्दल लिहिल्याशिवाय जीव हलका होत नाही, म्हणून लिहिते...

सकाळी विहार झाडत होते, तेव्हा त्यांच्या भावाचा फोन आला. "कांताबाई, सुमन गेली. नाल्याच्या पुलाजवळ सापडली." झाडू हातात तसाच राहिला.

विहारात ताई शाळेनंतरचा वर्ग चालवत. मी चटया घालायची, मुलांना मुरमुरे द्यायची. दारात पत्र्याचे दोन डबे असत. दिवस चांगला गेला तर जाताना एकात चिंचोका टाकायचा, मनात काही खुपत असेल तर दुसऱ्यात खडा. कोण काय टाकते ते ताई पाहत नसत, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. वर्ग कसा चालला आहे ते त्यांना यावरून कळे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खडे वाढू लागले. नेमके तेव्हाच मदत देणाऱ्या संस्थेचे साहेब तपासणीला आले. "हा खड्यांचा डबा काढा मॅडम. अहवालात बरा दिसत नाही, मदत अडकेल."

"डबा काढला तं खडे पोरींच्या पोटात राहतीन, साहेब," ताई म्हणाल्या. मदत अडकलीच.

मग ताईंनी एकेकीला जवळ बसवून विचारले. पुलाजवळ अंधारात एक माणूस मोटारसायकल लावून उभा राहतो, मागे मागे येतो... पोलीस चौकीत सांगून काही झाले नाही. ताई स्वतः टॉर्च घेऊन मुलींना घरी पोचवू लागल्या. मी म्हटले, "मी येऊ का?"

"तू काहून येतं वं? तुले तं बकरीचंही भेव लागते!" मुली हसल्या. मीही हसले.

फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या मुली घरी पोचल्या. परतताना ताई पडल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. टॉर्च सकाळपर्यंत जळत होता, झुडपाकडे तोंड करून. मोटारसायकल नंतर दिसली नाही.

वर्ग आता ताईंची वहिनी घेते, पण कन्हानच्या बससाठी तिला लवकर निघावे लागते. डबे मीच मांडते. इतके दिवस चिंचोकेच पडत होते. काल भिंतीकडे तोंड करून उभी होते, तर खडा वाजला. मग आणखी एक... आणखी एक. मी वळले नाही.

ताईंचा टॉर्च खिळ्याला होता. चप्पल घातली. "चाला वं पोरीहो," म्हटले.

पुलाजवळ मोटारसायकल उभी होती, शेजारी तो माणूस. मी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला. शेवटची मुलगी पुढे जाईपर्यंत खाली केला नाही.